आडवा पाय, उभा पाय

विज्ञानाच्या तासाला पायाची हाडे शिकवायची असली, की आपण बहुतेक जण एकच गोष्ट करतो. कपाटामागची गुंडाळी काढतो, धूळ झटकतो, तक्ता फळ्याशेजारच्या खिळ्याला अडकवतो आणि पट्टीने दाखवू लागतो : ही ऊर्वस्थी, ही गुडघ्याची वाटी, ही अंतर्जंघास्थी, ही बहिर्जंघास्थी. मुले वहीत आकृती काढतात, बाण काढतात, नावे लिहितात. परीक्षेत 'नावे द्या' असा प्रश्न येतो आणि त्याचे गुणही मिळतात. आणि ज्या पायांनी ही मुले शाळेपर्यंत चालत आलेली असतात ते पाय मात्र तासभर बाकाखाली लोंबकळत राहतात. त्यांच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही!

असे का होते? शिक्षकांच्या माथी दोष मारून मोकळे होणे सोपे आहे, पण ते खरे नाही. आकृती, त्यावर नाव आणि नावाचे पाठांतर ही शिकवण्याची रीत एका मोठ्या घराण्यातून आपल्यापर्यंत आली आहे. त्या घराण्यातला सर्वांत नामांकित ग्रंथ म्हणजे लंडनमध्ये १८५८ साली प्रसिद्ध झालेला 'ग्रेज अॅनाटॉमी'. तो आजही नव्या आवृत्त्यांनी जिवंत आहे. त्यातला पाय नेमका कसा आहे, त्यात काय उत्तम आहे आणि काय निसटले आहे, हे तपासावे म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत. या ग्रंथाचा मुंबईशी आणि साताऱ्याशीही एक धागा जुळलेला आहे. तो पुढे येईलच.

दोघांचे पुस्तक

हेन्री ग्रे हे लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात शरीररचनाशास्त्र शिकवीत. मजकूर त्यांचा. चित्रे मात्र त्यांचे तरुण सहकारी हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांची. १८५६-५७ या काळात दोघांनी मिळून शवविच्छेदने केली. कार्टर यांनी त्यांवरून चित्रे काढली आणि ती लाकडी ठोकळ्यांवर उलटी उतरवली, म्हणजे छापल्यावर ती सुलटी उमटावीत. साडेसातशे पानांच्या या ग्रंथात ३६३ चित्रे होती. ग्रे यांना दर हजार प्रतींमागे मानधन ठरले. कार्टर यांना एकदाच दीडशे पौंड मिळाले. पुस्तक बाहेर आले तेव्हा कार्टर हिंदुस्थानात पोहोचले होते. ग्रे १८६१ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी देवीच्या रोगाने वारले. ग्रंथ ग्रे यांच्या नावाने अमर झाला आणि चित्रकाराचे नाव मागे पडले. वास्तविक त्या काळच्या विद्यार्थ्याने पुस्तक उघडले की प्रथम त्याच्या डोळ्यांत भरली ती चित्रेच.

त्यांत विशेष काय होते? त्या काळच्या बऱ्याच पुस्तकांत चित्रावर 'अ', 'ब', 'क' अशी बारीक अक्षरे असत आणि त्यांचा अर्थ खाली दिलेल्या यादीत शोधावा लागे. वाचणाऱ्याची नजर चित्रातून यादीत आणि यादीतून चित्रात अशा येरझाऱ्या घालीत राही. कार्टर यांनी नाव त्या त्या भागाच्या अंगावरच लिहिले. स्नायू तिरपा गेला तर अक्षरेही तिरपी जातात, धमनी वळली तर नावही तिच्याबरोबर वळते. चित्रे मोठी, स्वच्छ आणि अनावश्यक सजावट नसलेली आहेत. वेसेलियसच्या १५४३ सालच्या प्रसिद्ध ग्रंथातली सोललेली माणसे डोंगर-गावांच्या देखाव्यापुढे नाटकी ढंगात उभी असतात. कार्टर यांच्या चित्रांत नाटक मुळीच नाही.

पायाच्या हाडांची चित्रे तर आजही शिकण्यासारखी आहेत. मांडीच्या हाडावर कोणता स्नायू कुठे चिकटतो, त्या जागेची हद्द आखून तिथे त्या स्नायूचे नाव लिहिलेले आहे. त्यामुळे हाड म्हणजे नुसती काठी नव्हे, अनेक स्नायूंनी धरलेला तो एक खांब आहे, हे पाहताक्षणी कळते. आपल्या शाळेच्या तक्त्यावर हाडाचे नाव आले, पण या हद्दी गळून पडल्या. मोठ्या घराण्यातले सोपे तेवढे आपण घेतले आणि उपयोगाचे टाकले!

पाय कुठे आहे?

इतके गुण सांगितल्यावर आता आमची तक्रार. या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत पाय शोधायला बसले तर तो सापडत नाही. म्हणजे त्याचे तुकडे सापडतात. हाडांच्या प्रकरणात पायाची हाडे, सांध्यांच्या प्रकरणात सांधे, मग स्नायू, मग धमन्या, मग शिरा, मग चेतातंतू. प्रत्येक प्रकरणात पायाचा एकेक तुकडा येतो. वाचक पायापाशी सहा वेळा येतो, पण पाय म्हणून पाय त्याला एकदाही भेटत नाही. ही मांडणी पुढे जवळजवळ दीड शतक टिकली. २००४ च्या एकोणचाळिसाव्या आवृत्तीत संपादकांनी ती मोडली आणि शरीराच्या एकेका भागाचे सगळे काही एकत्र दिले. म्हणजे आमची ही तक्रार खुद्द ग्रंथानेच मान्य केली आहे असे म्हणायला हरकत नाही.

दुसरी तक्रार अधिक खोल आहे. कार्टर यांच्या चित्रांतला पाय पानावर उभा छापलेला असला, तरी तो खरे म्हणजे आडवा आहे. तो टेबलावर निजलेल्या मृत शरीराचा पाय आहे. त्याच्यावर कसलाही भार नाही. त्याचा तळवा जमिनीला टेकलेला नाही. आणि पायाचे तर मुख्य काम भार वाहण्याचे! हाताचे चित्र आडवे काढले तर फारसे बिघडत नाही, कारण हात मोकळाच असतो. पायाचे तसे नाही.

याने नेमके काय बिघडते? एक उदाहरण घेऊ. कमरेच्या हाडाच्या कडेखाली, खुब्याच्या वरच्या अंगाला नितंबाचा मधला स्नायू असतो. टेबलावरच्या मोकळ्या पायात तो ओढला तर मांडी बाहेरच्या बाजूला सरकते. म्हणून पुस्तकात त्याचे काम दिलेले असते 'मांडी बाहेर नेणे'. विद्यार्थी ते पाठ करतो. पण दिवसभरात आपण मांडी बाजूला कितीदा नेतो? कवायतीचा तास सोडला तर क्वचितच. मग एवढा जाड स्नायू तिथे कशाला?

आता उभे राहा. उजव्या हाताचा पंजा उजव्या खुब्याच्या वर दाबून धरा आणि डावा पाय सावकाश उचला. हाताखालचा स्नायू एकदम टणक झालेला लागेल. डावा पाय उचलला की डाव्या बाजूचा आधार गेला आणि कंबर डावीकडे कलायला हवी. ती कलत नाही, कारण उजवीकडचा हा स्नायू तिला आपल्याकडे ओढून धरतो. म्हणजे इथे मांडीचे हाड स्थिर आहे आणि स्नायू हलवतो आहे, किंबहुना सावरतो आहे तो वरचा सगळा देह. साधे चालतानासुद्धा एका वेळी एकच पाय जमिनीवर असतो असा काळ सुमारे चार पंचमांश भरतो. म्हणजे हा स्नायू दर पावलाला राबतो, आणि पाठ केलेल्या वाक्यात त्याच्या या कामाचा पत्ताच नाही!

ग्रे यांना न्याय द्यायचा तर एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. त्यांच्या मजकुरात हे आहे. प्रत्येक स्नायुगटाच्या शेवटी ते त्याची कामे देतात, आणि नितंबाच्या स्नायूंबद्दल लिहिताना ते स्पष्ट म्हणतात की, मांडीचे हाड स्थिर धरले तर हेच स्नायू कंबर व धड तोलून धरतात, आणि एका पायावर उभे राहताना हे विशेष दिसते. म्हणजे उभा पाय ग्रे यांना माहीत होता. पण तो प्रकरणाच्या अखेरीस, बारीकशा परिच्छेदात राहिला, आणि आडवा पाय चित्रांत आला. नंतरच्या पिढ्यांनी चित्र उचलले आणि परिच्छेद सोडला. कार्टर यांची चित्रे कमी पडली म्हणून हे झाले नाही. ती इतकी उत्तम होती की त्यांच्यापुढे मजकूर वाचण्याची गरज कोणाला वाटली नाही. चांगल्या चित्राचा असाही एक धोका असतो, आणि तक्ता टांगणाऱ्या प्रत्येकाने तो ध्यानात ठेवावा.

या धोक्याची किंमत वर्गातही मोजावी लागते. पोलिओमुळे किंवा खुब्याच्या दुखण्यामुळे हा स्नायू दुबळा झाला, तर माणूस त्या पायावर भार देताना कंबर दुसऱ्या बाजूला खचते आणि तो अंग झोकून चालतो. नुसती नावे शिकलेल्या मुलाला तो 'लंगडतो' एवढेच दिसते. काम समजलेल्या मुलाला त्या झोकण्यामागची खटपट दिसते आणि त्याच्या ओठांवरची थट्टा कदाचित तिथेच थांबते. (वर्गात असा विद्यार्थी असेल तर त्याला मात्र उदाहरण म्हणून उभे करू नये, हे सांगायला नकोच.)

गुडघ्याची एक खोडी

दुसरे उदाहरण मुलांना आपल्याआधीच माहीत आहे. प्रार्थनेच्या रांगेत उभ्या असलेल्या मित्राच्या गुडघ्यामागे हलकेच गुडघा टेकवायचा, की तो कोलमडतो. ही खोडी करणाऱ्याला आपण ओरडतो. त्याऐवजी एकदा विचारावे, 'तो का पडला रे?'

ताठ उभे राहिल्यावर शरीराच्या भाराची रेषा गुडघ्याच्या किंचित पुढून जाते. त्यामुळे गुडघा आपोआप सरळ राहतो, आणि तो आणखी मागे वाकू नये याची काळजी सांध्यामागचे व आतले बंध घेतात. शिवाय गुडघा पूर्ण सरळ होताना शेवटच्या टप्प्यात मांडीचे हाड नडगीवर जरासे आत वळते आणि सांधा घट्ट बसतो. मांडीच्या पुढच्या बलदंड स्नायूला मग फारसे काम उरत नाही. खरे-खोटे पाहायचे असेल तर सैल उभे राहून गुडघ्याची वाटी बोटांनी हलवून पाहा. ती सहज हलते, म्हणजे वरचा स्नायू विश्रांती घेतो आहे. आता गुडघा किंचित वाकवा. वाटी घट्ट झाली! रांगेतल्या मित्राचा गुडघा मागून ढकलला, की भाराची रेषा एकदम गुडघ्याच्या मागे जाते, आणि पुढचा स्नायू गाफील असतो. तो जागा होईपर्यंत मित्र खाली.

हे सारे तक्त्यावरच्या गुडघ्यात दिसेल का? दिसणार नाही. तिथे भाराची रेषाच नाही.

कोणाचा पाय?

तिसरी तक्रार चित्रकाराविरुद्ध नाही, आपल्या सर्वांच्या समजुतीविरुद्ध आहे. चित्रातला पाय पाहून आपल्याला वाटते, हा 'मानवाचा' पाय. पण तो कोणा एकाचा होता. इंग्लंडमध्ये १८३२ च्या कायद्याने बेवारस मृतदेह विच्छेदनासाठी मिळू लागले होते. अनाथगृहांत आणि रुग्णालयांत मेलेली, मागे कोणी नसलेली गरीब माणसे ती. चित्रात शरीराच्या प्रत्येक कणाला नाव आहे, पण ज्याचे शरीर त्याला मात्र नाव नाही. आज देहदान करणारे लोक समजून-उमजून आपला देह विद्यार्थ्यांच्या हाती देतात. त्यांची आठवण मुलांना या धड्याच्या वेळी जरूर करून द्यावी.

आणि तो पाय लंडनचा होता. खुर्चीवर बसणाऱ्या समाजाचा. १८९३ साली लाहोरच्या वैद्यकीय महाविद्यालयातले शरीररचनेचे प्राध्यापक हॅवलॉक चार्ल्स यांनी पंजाबी माणसांच्या पायांच्या हाडांवर एक निबंध प्रसिद्ध केला. उकिडवे बसताना घोटा पूर्ण मिटतो. तेव्हा नडगीच्या हाडाची खालची पुढची कड घोट्यातल्या 'टॅलस' या हाडाच्या मानेला जाऊन टेकते. ज्यांचा जन्म असे बसण्यात जातो त्यांच्या या दोन्ही हाडांवर टेकण्याच्या जागी लहान, गुळगुळीत खुणा आढळतात. युरोपातल्या अलीकडच्या माणसांच्या हाडांवर त्या क्वचितच दिसतात. १९५९ साली इंदरबीर सिंग यांनी भारतीयांच्या हाडांवरील याच खुणांचा पुन्हा अभ्यास केला. म्हणजे हाडसुद्धा माणसाच्या बसण्या-उठण्याची नोंद ठेवते. शेतात निंदणीला बसणारी बाई, चुलीपुढे बसणारी आई आणि खुर्चीतला कारकून यांचे घोटे एकाच चित्रात मावत नाहीत.

ही केवळ पंडितांची बारीकसारीक चर्चा आहे असे कोणाला वाटेल. पण १९६० च्या दशकाच्या अखेरीस जयपूरमध्ये हाच प्रश्न रोजच्या जगण्याचा होऊन उभा राहिला. पाय गमावलेल्या माणसांना त्या वेळी मिळणारा परदेशी धर्तीचा कृत्रिम पाय बूट घालून चालण्यासाठी बनवलेला होता. तो घालून उकिडवे बसता येईना, मांडी घालता येईना, चिखलातून अनवाणी जाता येईना. लोक तो घरी नेत आणि कोपऱ्यात ठेवून पुन्हा कुबड्या घेत. शल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी मिळून रबराचा, घोट्यात वाकणारा, अनवाणी वापरता येणारा पाय घडवला. तोच 'जयपूर फूट'. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पाय म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी चित्रावर थांबवले नाही. माणूस घरी जाऊन कसा बसतो, हेही त्यांनी पाहिले.

आपली भाषा या बाबतीत फार पूर्वीपासून शहाणी आहे. 'मांडी' हा अवयव आहे आणि 'मांडी घालणे' ही बैठकही आहे. ग्रंथातल्या नावांतही कुठे कुठे असा जिवंतपणा लपलेला आहे. कमरेपासून मांडीवरून तिरपा उतरून गुडघ्याच्या आतल्या अंगाला पोहोचणारा, शरीरातला सर्वांत लांब स्नायू 'सार्टोरियस'. लॅटिनमध्ये 'सार्टोर' म्हणजे शिंपी. जुने शिंपी मांडी घालून शिवायला बसत, आणि त्या बैठकीला लागणाऱ्या सगळ्या हालचाली हा स्नायू करतो : खुबा वाकवणे, मांडी बाहेर नेणे, ती बाहेरच्या अंगाला फिरवणे आणि गुडघा मिटवणे. हे नाव देणाऱ्याने टेबलावरचा पाय नव्हे, बसलेला माणूस पाहिला असला पाहिजे. 'गॅस्ट्रोक्नेमियस'चा अर्थ तर 'पायाचे पोट'. आपल्या 'पोटरी'तही पोट आहेच की! मुलांना ही नावे अशी उलगडून सांगितली तर ती घोकावी लागत नाहीत.

कार्टर यांचा दुसरा पाय

आता तो राहिलेला धागा. कार्टर १८५८ साली मुंबईला आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना व शरीरक्रिया शिकवू लागले. पुढे काही वर्षे ते साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते, आणि नंतर ग्रँट मेडिकल कॉलेजचे प्राचार्य झाले. इथे त्यांच्यापुढे एक वेगळाच पाय आला. अनवाणी राबणाऱ्या शेतकऱ्यांच्या तळव्याला काटा बोचावा, जखम भरून यावी आणि काही काळाने पाऊल सुजू लागावे. मग त्याला जागोजाग तोंडे फुटावीत आणि त्यांतून दाण्यांसारखे कण बाहेर पडावेत. 'मदुरा पाय' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या रोगाचा कार्टर यांनी वर्षानुवर्षे अभ्यास केला, त्याला 'मायसेटोमा' हे नाव दिले आणि १८७४ मध्ये त्यावर रंगीत चित्रांसह ग्रंथ प्रसिद्ध केला. हा रोग बुरशीमुळे होतो असे त्यांनी मांडले. पुढे कळले की काही रुग्णांत तो बुरशीमुळे, तर काहींत जिवाणूंमुळे होतो. म्हणजे त्यांचे म्हणणे अर्धे खरे ठरले, आणि विज्ञानात अर्धे खरेही थोडे नसते. जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घेतला तो २०१६ साली!

हात तोच होता, नजरही तितकीच काटेकोर होती. पण लंडनच्या चित्रातल्या पावलाला वाट नव्हती. या पावलाला शेत होते, काटा होता, पायताण नसणे होते. ते समजून घेतल्याशिवाय रोग समजणारच नव्हता. आमच्या मते कार्टर यांच्या पहिल्या पुस्तकात जे निसटले ते या दुसऱ्या पुस्तकात आले आहे. दुर्दैवाने जगभर गेले ते पहिले, आणि दुसरे आज फक्त जाणकारांनाच ठाऊक आहे.

मग तक्ता काढून टाकायचा का?

मुळीच नाही. नावांशिवाय बोलता येत नाही, आणि स्वच्छ चित्राशिवाय नावे ठरत नाहीत. एका पायात खुब्यापासून बोटांपर्यंत तीस हाडे, त्यांतली सव्वीस एकट्या पावलात, हे मुलांना माहीत असलेच पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच की क्रम बदलावा. आधी मुलांना उभे करावे, एका पायावर तोलायला लावावे, उकिडवे बसवून टाचा टेकतात का ते पाहू द्यावे, ओल्या पावलांचे ठसे फरशीवर उमटवून कोणाची कमान किती उंच ते मोजू द्यावे. जिथे काही टणक झाले, काही ताणले गेले, तिथे बोट ठेवून त्यांनीच विचारावे, 'सर, हे काय आहे?' मग तक्ता उलगडावा. नाव तेव्हा सांगावे.

आणि तासाच्या शेवटी एक काम आपल्यासाठी. दिवसभर उभे राहून शिकवणाऱ्यांच्या पोटऱ्या संध्याकाळी जड होतात, कोणाकोणाच्या शिरा फुगलेल्या असतात. पायातले रक्त वर चढवण्याचे काम बऱ्याच अंशी पोटरीचे स्नायू करतात. ते आकुंचन पावले की शिरा दाबल्या जातात, आणि शिरांतल्या झडपा रक्ताला खाली परतू देत नाहीत. एका जागी खिळून उभे राहिले की हा पंप थांबतो. म्हणून शिकवताना वर्गात फिरावे, मधून मधून चवड्यांवर उभे राहावे. मुले हसतील. हसली की त्यांना कारण विचारायला सांगावे, म्हणजे पुढचा धडा तिथूनच सुरू करता येईल.